वायपर, मृग आणि चांद्याचं ऊन

मंडळी, आजचा विषय वाचून काही जण हसतील. निवृत्त मास्तरीणबाईंनी इतिहास लिहावा तो गोंड राजांचा, चांद्याच्या परकोटाचा, फार तर भद्रावतीच्या विजासन लेण्यांचा. मोटारीच्या काचेवर इकडून तिकडे हलणाऱ्या काठीला कसला आलाय इतिहास? पण आहे. चांगला सव्वाशे वर्षांचा आहे, आणि त्यात एक बाई आहे, एक सायकलस्वार आहे, कोर्टकचेऱ्या आहेत.

निमित्त झालं आमच्या पुण्याच्या भाच्याचं. त्यानं एक भली मोठी परदेशी गाडी घेतली आहे, एसयूव्ही म्हणतात तशातली. ऑगस्टमध्ये आईला घेऊन हेमलकसा बघायला यायचा बेत आहे. त्याचा फोनवर प्रश्न होता, "मावशी, वायपर बदलायचे आहेत. गाडी एवढी महाग, तिला स्वस्तातले कसे लावू?" मला वायपरमधलं काय कळतं, हा त्याच्या आईचा प्रश्न. पण प्रश्न चुकीचा विचारला की उत्तरही चुकीचं येतं, हे पस्तीस वर्षं वर्गात बघितलं आहे. म्हणून जरा वाचन केलं, दोन मेकॅनिकना विचारलं. त्याचं हे टिपण.

आधी आमच्याकडचा पाऊस. पुण्याच्या माणसाला पाऊस म्हणजे छत्री आणि भजी. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक तीन-साडेतीन महिन्यांत कोसळतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या एकमेकींना भेटतात. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आम्ही वर्षानुवर्षं पेपरात वाचत आलो. २०१९ च्या पावसाळ्यात तर गावातच पुन्हा पुन्हा पाणी शिरलं. लहान नाल्यांवरचे ठेंगणे पूल आणि रपटे तर मोजायलाच नकोत. अशा रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला एकच गोष्ट वेळेवर दिसावी लागते, ती म्हणजे पुढचं चकाकतंय तो ओला डांबरी रस्ता आहे की वाहतं पाणी. इंजिन किती ताकदीचं आहे याचा तिथे काही उपयोग नसतो. काच पुसली जाते आहे की नाही, एवढंच महत्त्वाचं.

आता ती बाई. मेरी अँडरसन, अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची. १९०२-०३ च्या हिवाळ्यात ती न्यूयॉर्कला गेली होती आणि ट्राममधून चालली होती. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. चालकाला पुढचं दिसेना, म्हणून तो काचेचं तावदान उघडून वारा नि बर्फ तोंडावर घेत गाडी हाकत होता. सगळे प्रवासी कुडकुडत होते आणि हे असंच चालायचं असं समजून गप्प होते. ही बाई मात्र कागद घेऊन बसली. आतून एक दांडी फिरवायची, बाहेर रबराची पट्टी बसवलेला हात काचेवरून फिरेल, आणि दाब राहावा म्हणून त्याला वजन लावायचं. हवामान चांगलं असेल तेव्हा तो हात काढून ठेवता येईल, अशीही सोय. १० नोव्हेंबर १९०३ ला तिला पेटंट मिळालं.

पैसे मात्र मिळाले नाहीत. १९०५ मध्ये तिनं एका कॅनेडियन कंपनीला हक्क विकत घ्याल का म्हणून विचारलं, तर याला व्यापारी किंमत नाही असं उत्तर आलं. मोटारीच तेव्हा किती होत्या! काचेवर काहीतरी हलत राहिलं तर चालकाचं लक्ष उडेल, असाही आक्षेप लोक घेत. पेटंटची सतरा वर्षं १९२० मध्ये संपली, आणि त्यानंतर बघता बघता वायपर प्रत्येक गाडीवर आला. बाईंच्या हाती दमडी पडली नाही. (शार्लट ब्रिजवुड नावाच्या दुसऱ्या एका बाईनं १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या, रबरी रुळांच्या काचपुसणीचं पेटंट घेतलं. तिचीही तीच गत. योगायोग म्हणा हवं तर.)

सायकलस्वार आहे तो बफेलो शहरातला. जॉन ओईशे नावाचा नाट्यगृहाचा व्यवस्थापक १९१७ च्या सुमारास पावसाळी रात्री गाडी चालवत होता. काचेवरच्या पाण्यामुळे समोरचा सायकलवाला त्याला दिसलाच नाही आणि धडक बसली. सायकलवाला फारसा जखमी झाला नाही, पण ओईशेच्या मनाला ती गोष्ट लागली. त्यानं शोधाशोध करून हातानं फिरवायचा एक वायपर मिळवला, तो विकायला कंपनी काढली, आणि तीच पुढे ट्रायको म्हणून जगभर गेली. मला हे विशेष वाटतं. गाडी आपण सुखासाठी घेतो, पण या पट्टीचा धंदा उभा राहिला तो समोरचा माणूस दिसला नाही या बोचणीतून.

हातानं फिरवायचा वायपर मी स्वतः पाहिलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकायला काढलेल्या विलीज जीप देशभर पसरल्या. आमच्याकडे त्यांना 'डिस्पोजलच्या जीप' म्हणत. माझ्या लहानपणी जंगलात लाकडाच्या ठेकेदारांकडे अशा जीप असत. काचेच्या वरच्या चौकटीपाशी आतल्या बाजूला एक छोटी मूठ असायची. चालकानं एका हातानं स्टिअरिंग धरायचं आणि दुसऱ्यानं ती मूठ फिरवायची! गिअर बदलायचा तर काच पुसणं थांबवायचं. पुढे इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे आत हवा शोषली जाते त्या जोरावर चालणारे वायपर आले. त्यांची खोड अशी की चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ते मंदावायचे. जिथे जास्त नीट दिसायला हवं तिथेच आळस! जर्मनीच्या बॉश कंपनीनं १९२६ पासून विजेच्या मोटरवर चालणारे वायपर विकायला सुरुवात केली आणि हळूहळू ती ओढीची भानगड मागे पडली. आपल्याकडे तर आता कायदाच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०१ क्रमांकाचा नियम वायपरचा आहे. तो नीट काम करणारा असावा, असं त्यात म्हटलं आहे. नुसता असून भागत नाही.

'नीट काम करणारा' या तीन शब्दांची किंमत मला एका रात्री कळली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अहेरीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, ऑगस्ट महिना. शेवटच्या दिवशी आम्ही पाच जणी एका भाड्याच्या जीपनं चंद्रपूरला परत निघालो. आलापल्ली सोडलं आणि पाऊस सुरू झाला. आष्टीच्या अलीकडे जंगलात वायपरचा हात एकदा काचेवर आपटला आणि तिथेच पडून राहिला. मोटर आत घूं घूं करते आहे, हात जागचा हलत नाही. चालक वयस्क होता, फारसं बोलणारा नव्हता. गाडी बाजूला घेऊन उतरला, खिशातली बिडी मोडली, तळहातावर तंबाखू घेतली, भिजवली आणि काचेवर खसाखसा घासली.

आम्हाला वाटलं, याचं डोकं फिरलं. पण पुन्हा गाडीत बसलो तर काय! काचेवर थेंब थांबेचनात. पाणी एकसारखं पातळ होऊन खाली ओघळत होतं आणि पलीकडचा रस्ता पाण्याखाली पाहावा तसा हलता, पण दिसत होता. मागे विज्ञानाच्या सरांना विचारलं, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. स्वच्छ न केलेल्या काचेवर पाण्याचे थेंब बनतात, आणि प्रत्येक थेंब भिंगासारखा प्रकाश मोडतो, म्हणून काही दिसत नाही. तंबाखूनं, साबणानं किंवा कापलेल्या बटाट्यानं काच घासली की पाणी थेंब न होता पसरतं. जुन्या ट्रकवाल्यांना हे सगळं ठाऊक असतं. तेंदूपत्त्याच्या मुलखात बिडी कोणाच्याही खिशात मिळणार! पण हा उपाय पाच-दहा मिनिटांचा. धुऊन गेली तंबाखू की पुन्हा उतरा.

त्या रात्री प्रत्येक नाल्यापाशी चालक गाडी थांबवायचा. क्लीनर पोरगा टॉर्च घेऊन पुढे चालत जायचा, पाण्यात पाय घालून बघायचा, आणि हात केला की आम्ही निघायचो. एका नाल्यावर त्यानं हात केला नाही. आम्ही पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिलो. उजाडल्यावर बघितलं तर रपट्यावरून मांडीभर पाणी चाललं होतं, आणि पलीकडच्या काठावर एक बैलगाडीही अशीच थांबलेली होती. आमच्यातल्या एकीचं बाळ घरी चार महिन्यांचं होतं. ती रात्रभर एक शब्द बोलली नाही. असो.

कोर्टकचेरीचा भाग आता. झिमझिम पावसात वायपर सतत फिरला की कोरड्या काचेवर करकरतो, आणि बंद ठेवला की दिसत नाही. यावर उपाय काढला रॉबर्ट कर्न्स या अमेरिकन इंजिनिअरनं. १९५३ मध्ये त्याच्या लग्नाच्या रात्री शॅम्पेनचं बूच उडून डाव्या डोळ्यावर बसलं आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. (मेरी अँडरसनबाईही त्याच वर्षी वारल्या.) पापणी कशी मधूनमधून मिटते, सतत नाही, तसा वायपर का असू नये, हा विचार त्याला त्यातून सुचला. त्यानं थांबून थांबून चालणाऱ्या वायपरची जोडणी बनवली, १९६४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ मध्ये ते मिळालं. फोर्ड कंपनीला त्यानं ती दाखवली होती. १९६९ पासून फोर्डच्या गाड्यांत असे वायपर आले, पण कर्न्सला कोणी विचारलं नाही.

१९७८ मध्ये तो कोर्टात गेला. कंपनीचं म्हणणं, यात नवीन काय आहे? सगळे सुटे भाग बाजारात मिळणारेच तर आहेत! १९९० मध्ये फोर्डनं १ कोटी २ लाख डॉलर देऊन तडजोड केली. क्रायस्लरविरुद्धचा खटला त्यानं बराचसा स्वतःच लढवला आणि व्याजासकट सुमारे ३ कोटी डॉलर मिळवले. पण त्यात संसार मोडला, तब्येत गेली. २००५ मध्ये तो वारला. त्याच्यावर २००८ मध्ये सिनेमाही निघाला. कर्न्सनं पैशापेक्षा 'हे माझं आहे' एवढं कबूल करून घेण्यासाठी आयुष्य घालवलं, असं मला वाटतं. ते शहाणपणाचं होतं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला काही त्याला वेडा म्हणवत नाही.

एवढा इतिहास सांगण्याचं कारण असं. शंभर वर्षांत वायपरमागचं सगळं बदललं. हाताच्या जागी मोटर आली, मोटरला थांबायला शिकवलं, आणि आता भाच्याच्या गाडीत पावसाचे थेंब ओळखणारं यंत्र आहे. काचेच्या आतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा; काच कोरडी असेल तर तो जवळजवळ सगळा परत येतो, थेंब असेल तर काही बाहेर निसटतो; किती निसटला त्यावरून पाऊस किती ते कळतं. डोकेबाज आहे! पण शेवटी पाणी पुसते ती मेरीबाईंचीच रबरी पट्टी, आणि तिचीही फक्त मिलिमीटरभर जाड नसलेली कड. महागड्या गाडीचे सगळे पैसे त्या कडेच्या मागे आहेत. कड गेली की सगळं गेलं.

ही कड नेमकी आमच्याकडे जाते. चंद्रपूरचा मे म्हणजे ४६-४७ अंश. बाहेर उभ्या गाडीची काच त्याहून कितीतरी तापते. नैसर्गिक रबर उन्हानं आणि हवेतल्या ओझोननं कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. चालताना ती कड प्रत्येक फेरीला उलट्या बाजूला कलते, म्हणजे पट्टी नेहमी ओढली जाते, ढकलली जात नाही. चार महिने उन्हात एकाच बाजूला दबून राहिलेलं रबर तसंच वाकडं बसतं, मग एका फेरीला पुसतं आणि परतीला काचेवर उड्या मारतं. त्यात आमची धूळ. इकडे कोळसा आणि वीज केंद्राची राख, तिकडे सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची लाल माती. कोरड्या काचेवर अशी धूळ असताना वायपर फिरवला की तो पॉलिशपेपर होतो. काचेवर अर्धगोल ओरखडे पडतात, आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या ओरखड्यांत फुटून डोळ्यांत येतो. कितीही भारी नवा वायपर लावा, ते ओरखडे जात नाहीत. म्हणून उन्हाळ्यात तो थेंब ओळखणारा आपोआप चालणारा प्रकार बंद ठेवावा. धुळीलाही तो कधीकधी पाऊस समजतो.

तर भाच्याला मी कळवलं ते असं. गाडीची किंमत विसर. आधी बघायचा तो हात, म्हणजे पट्टी जिथे अडकते ते टोक. जुन्या आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना साधा आकडा असतो. युरोपियन गाड्यांना मात्र बटण दाबून बसणारे, कडेच्या चापाचे असे नाना प्रकार असतात, आणि काहींच्या पट्टीतूनच पाण्याचे फवारे निघतात. जोड जुळली नाही तर जगातला सर्वांत उत्तम वायपरही पहिल्या वादळात उडून जाईल. मग लांबी. चालकाच्या बाजूची पट्टी बहुधा लांब असते. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, आणि इंटरनेटवर दिसणारे पुष्कळ जोड डावीकडच्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठीचे. गाडीचं नाव तेच, लांब-आखूड मात्र उलटं! म्हणून नाव बघून मागवू नये. गाडीचं पुस्तक उघडावं, नाहीतर सरळ टेप घेऊन दोन्ही पट्ट्या मोजाव्यात.

प्रकार म्हणाल तर पूर्वी लोखंडी कमानींची चौकट असायची. काचा वक्र झाल्या तेव्हा रबर सगळीकडे टेकावं म्हणून तिला सांधे आले. चिखल आणि सागाच्या फुलांचा चुरा त्या सांध्यांत अडकून बसतो. १९९९ मध्ये बॉशनं बिनकमानीची चपटी पट्टी आणली, तिच्या पोटात वाकवलेली पोलादी पट्टी असते आणि ती सबंध लांबीवर सारखा दाब देते. मोठ्या गाड्यांना आता हीच येते आणि आमच्या चिखलाला ती बरी. सिलिकॉनचं रबर उन्हात जास्त टिकतं, किंमतही जास्त. आमच्या भागात राहणाऱ्यानं ती द्यावी. पुण्यात गॅरेजमध्ये गाडी ठेवणाऱ्याला साधं चालेल. मात्र दुकानात पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेला माल नको. खोक्यावरची तारीख बघावी, कड बोटांत धरून वाकवावी, लगेच सरळ झाली तर ताजी.

आणि बदलायचं कधी, तर रोहिणी संपताना, मृग लागायच्या आत. शेतकरी बियाणं घरात आणून ठेवतो तेव्हा. दिवाळीला गाडी सजवताना नवे वायपर लावणारे लोक मी पाहिले आहेत. ते पावसाळाभर जुन्यावर काढतात आणि नवे उन्हाळ्याला खायला घालतात. मागच्या काचेचाही वायपर बघावा. अशा चौकोनी गाड्यांच्या मागे हवेचा भोवरा होऊन चिखल नेमका त्याच काचेवर बसतो, आणि ती छोटी पट्टी गाडी घेतल्यापासून कोणी बदललेली नसते.

शेवटची एक गोष्ट मेकॅनिकनं बजावून सांगितली आहे. काही गाड्यांचे वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात, ते ओढून उचलू नयेत. पुस्तकात दिलेल्या रीतीनं आधी उभे करावे लागतात. आणि जुनी पट्टी काढली की उघडा लोखंडी हात स्प्रिंगच्या जोरानं काचेवर आदळू शकतो. तेवढ्यानं अख्खी काच तडकते, आणि या गाड्यांची काच हेमलकशाच्या वाटेवर कुठेही मिळत नाही. पट्टी काढण्याआधी काचेवर जाड टॉवेल चौपदरी घडी करून ठेवावा.